बुलपेनमधली पाच वर्षं

सयाजी डुबलच्या उजव्या हाताची तीन बोटं सरळ होत नाहीत. सांगलीच्या विश्रामबागेतल्या ज्या कॉलेजात तो आज खेळाचा शिक्षक आहे, तिथली पोरं पहिल्या वर्षी ती बोटं चोरून बघतात आणि दुसऱ्या वर्षी धीर करून विचारतात, "सर, अपघात झाला होता का?" तो हसून म्हणतो, "नाही, नोकरीत झालं." कसली नोकरी, हे विचारणारा एखादाच निघतो. तसा निघाला की सयाजी मैदानाच्या कडेच्या कट्ट्यावर टेकतो, दुखरे गुडघे हळूच पुढं पसरतो आणि सांगायला लागतो. ऐकणाऱ्याला आधी वाटतं, सर थापा मारतायत. जपान, बेसबॉल, पगारी खेळाडू, आणि आपले डुबल सर?

सयाजी मूळचा उंब्रजचा. हायवे सोडून आत दहा मिनिटं चाललं की त्यांचा मळा. ऊस, थोडं आलं, दावणीला दोन म्हशी. वडील आप्पासो फौजेतनं हवालदार होऊन परतलेले, तिघं चुलतेही फौजेतलेच. त्यामुळं सयाजी फौजेत जाणार हे त्याला कुणी कधी सांगावंसुद्धा लागलं नव्हतं. तीन भरत्या त्यानं मारल्या. तिन्ही वेळा धावण्यात पहिल्या दहात आला आणि तिन्ही वेळा डॉक्टरनं त्याला रांगेतनं बाजूला काढलं. तळपाय सपाट.

"पायाला कमान न्हाई म्हंत्यात," त्यानं घरी येऊन सांगितलं.

आप्पासोंनी त्याला ओसरीवर बसवलं, त्याचे दोन्ही पाय मांडीवर घेतले, बैल विकत घेताना खूर बघावेत तसे उलटेपालटे करून बघितले. मग पाय खाली ठेवून एवढंच म्हणाले, "चालतुयास की चांगला." आणि उठून गोठ्यात गेले. त्या दिवशी त्यांनी म्हशींची धार काढायला फार वेळ लावला, हे सयाजीला अजून आठवतं.

असा तो सांगलीला आला. कॉलेजात नाव घातलं ते बी.ए.ला, पण मन लागायचं ते मैदानावर. गावाकडं तो टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये विकेटकीपिंग करायचा. इथं उदयसिंह सर होते. सरांना बेसबॉलचं वेड. सांगलीत सॉफ्टबॉल खेळणारी पोरं-पोरी बऱ्यापैकी होती. सर त्यांतलीच काही निवडून बेसबॉलचा संघ बांधत होते. त्यांना कॅचर मिळत नव्हता. बॅट घेतलेल्या खेळाडूच्या मागं बसायचं आणि पिचरनं फेकलेला प्रत्येक चेंडू झेलायचा, हे त्याचं काम. विकेटकीपरसारखंच, फक्त इथं टप्पा नाही, चेंडू हवेतनं थेट अंगावर येतो. तोंडावर जाळी, छातीला गादी, नडग्यांना कवच आणि डाव्या हातात मिट नावाचा जाडजूड हातमोजा. एवढं सगळं अंगावर चढवून उकिडवं बसून राहायला कुणी राजी नव्हतं.

"उकिडवं बसायला येतं का रे तुला?" सरांनी विचारलं.

"येतंय की."

"तास-दोन तास?"

"आईसंगं रानात तण भांगलायला दिवसभर बसतोय, सर."

सर मोठ्यानं हसले आणि त्यांनी जाळी त्याच्या डोक्यावर चढवली.

त्याच वर्षी तात्याबा आला. तात्याबा कोळेकर, आटपाडीच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा. घरची मेंढरं. दिवाळी सरली की त्याचे वडील कळप घेऊन खाली कराडकडं उतरायचे, रानारानांतनं खतासाठी मेंढरं बसवत पावसापर्यंत फिरायचे. तात्याबा उंच, सडपातळ, बोलायला अगदी कमी. तो आला होता भालाफेकीसाठी. सरांनी एकदा गंमत म्हणून त्याच्या हातात बेसबॉल दिला आणि म्हणाले, टाक बघू भिंतीवर. चेंडू भिंतीवर आदळून परत आला तो सरांच्या डोक्यावरनं पलीकडच्या गटारात. भाला तिथंच सुटला.

पण खेळाडू समोर आला की तात्याबाचा हात आखडायचा. भिंतीवर जो चेंडू सणसणत जायचा, तोच कॅचरकडं जाताना विटी टाकल्यासारखा हळू. सर वैतागले. शेवटी सयाजीनंच एका सकाळी त्याला गाठलं.

"का रं, हात का धरतुयास?"

तात्याबानं हातातला चेंडू दोनदा फिरवला. मग म्हणाला, "शाळंत असताना माज्या चेंडूनं एकाचा जबडा मोडलाय. म्हैनाभर पेजेवर व्हता त्यो."

"मला न्हाई लागत."

"तू सांगून काय व्हतंय?"

"टाक तर. डोळं झाकलं माजं, तर पुन्यांदा न्हाई म्हननार."

तात्याबानं टाकला. सयाजीचा हात कोपरापर्यंत झिणझिणला. डोळा मात्र मिटला नाही. तात्याबानं दुसरा टाकला, अजून जोरात. तिसरा. विसाव्या चेंडूला तो पहिल्यांदा हसला आणि जवळ येऊन म्हणाला, "तुजी पापनी हालत न्हाई गड्या." मग थोडं थांबून, जणू आत्ताच ओळख देतोय असं, "उंब्रजचा न्हवं तू? तुमच्या शिवारात बसवलीती आमची मेंढरं. वड्याच्या कडंला."

तिथून पुढची तीन वर्षं आठवली की सयाजीला आजही मैदानाचा वास येतो. पहाटेचं दव पडलेली माती, मिटला चोळलेलं तेल, कँटीनमधल्या मिसळीचा ठसका. सयाजी एक बोट दाखवायचा, म्हणजे सरळ आणि जोरात. दोन बोटं, म्हणजे वळवून. पुढं पुढं बोटं दाखवायचीही गरज उरली नाही. सरांच्या संघानं जिल्हा मारला, विद्यापीठ मारलं. दोघं महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धेत खेळले. मग पुण्यात एक शिबिर झालं. तिथं किशिमोतो नावाचे जपानी प्रशिक्षक आले होते. जपानमधल्या एका छोट्या प्रांतिक लीगमध्ये त्यांचा क्लब होता. त्यांनी तात्याबाचे तीस चेंडू बघितले, वेग मोजायचं यंत्र दोनदा तपासलं आणि दुभाष्यामार्फत सांगितलं, ह्याला एका मोसमासाठी घेतो.

"एकटा जानार न्हाई," तात्याबा म्हणाला.

दुभाष्या सरांकडं बघायला लागला. सर तात्याबाकडं. "अरे, वेडा आहेस का? अख्ख्या देशात कुणाला मिळत नाही असली संधी."

"सयाजी असंल तर जातो."

किशिमोतोंनी सयाजीला पुन्हा बसवून अर्धा तास बघितलं. कॅचर म्हणून त्यांच्याकडं दोघं होते. पण बुलपेनसाठी एक माणूस हवा होता. बुलपेन म्हणजे मैदानाच्या कडेची जागा. सामना चालू असताना राखीव पिचर तिथं हात गरम करतात आणि कुणीतरी त्यांचे चेंडू झेलत बसावं लागतं. सयाजी चालेल, म्हणाले.

घरी सांगितल्यावर आप्पासोंनी तीनच प्रश्न विचारले.

"पगार हाय?"

"हाय."

"वर्दी?"

"हाय. छातीवर नाव बी हाय."

"सुट्टीला घरी सोडत्यात?"

"मोसम सपला की सोडत्यात."

"मंग नोकरीच म्हनायची," आप्पासो म्हणाले. आणि आपली फौजेतली काळी पेटी त्यांनी माळ्यावरनं काढून दिली. विमानात ती चालणार नाही हे सांगायचा धीर सयाजीला झाला नाही. ती पेटी पुण्यापर्यंत आली आणि सरांच्या गाडीतनं परत गेली.

ते साल दोन हजार दहा. मार्चमध्ये समुद्रावरचा लांबलचक पूल ओलांडून त्यांची बस बेटावर उतरली तेव्हा थंडीनं दोघांचे दात वाजत होते. गाव छोटं, डोंगरउतारावर संत्र्यांच्या बागा, खाली भातखाचरं. क्लबच्या वसतिगृहात दोघांना मिळून एक खोली. जेवणात चिकट भात, मासा आणि एक पातळ आमटी. तात्याबाला मासा उतरायचा नाही. तो भातावर आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी घालून खायचा. दुसऱ्या महिन्यात ती संपली तेव्हा दोन दिवस त्याचं तोंड उतरलं होतं.

भाषेचं म्हणाल तर पहिल्याच दिवशी सयाजीची करमणूक झाली. जपानी माणसाला 'हो' म्हणायचं असलं की तो 'हाय' म्हणतो. प्रशिक्षक काही बोलले की सगळी पोरं एका सुरात, "हाय!"

"आपल्याकडचीच हायेत रं ही," सयाजी म्हणाला, आणि दोघं इतके हसले की किशिमोतोंनी मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या.

सयाजीचे गुरू तिथं निशिवाकी म्हणून एक म्हातारे प्रशिक्षक होते. बुटके, वाकलेले, सगळा जन्म कॅचर म्हणून बसण्यात गेलेला. पहिल्या आठवड्यात त्यांनी सयाजीला एकच गोष्ट सांगितली. चेंडू नुसता झेलू नकोस, वाजव. मिटमध्ये तर्जनीच्या बुडाशी खळगा असतो, तिथं चेंडू नेमका बसला की फटाका फुटल्यासारखा आवाज निघतो. तो आवाज ऐकून पिचरची छाती फुगते, त्याला वाटतं आज आपला हात चांगला चाललाय. बाजूला बसला तर नुसता 'भद्' होतो आणि पिचर मनातनं खचतो. सयाजी रोज दोनशे-अडीचशे चेंडू झेलायचा आणि प्रत्येकाला ओरडायचा, "नाईस बोर्रू!" चांगला चेंडू म्हणायची ती तिथली रीत. त्याच महिन्यात पहिलं बोट गेलं. फलंदाजीच्या सरावात चेंडू बॅटची कड घेऊन आला आणि उघड्या उजव्या हातावर बसला. निशिवाकींनी बोट जागच्या जागी ओढलं, पट्टी बांधली, आणि अंगठा मुठीत घालून उजवा हात पाठीमागं कसा लपवायचा ते पुन्हा एकदा दाखवलं.

तात्याबानं मे महिन्यात पहिला सामना जिंकून दिला. स्थानिक पेपरात फोटो आला. बाजारातली एक म्हातारी दुकानदारीण दोघांना बघून धावत बाहेर आली आणि तिनं त्यांच्या ओंजळीत संत्री भरली. एका बागेत उभं राहून दोघांनी फोटो काढून घेतला. तात्याबाचा उजवा हात सयाजीच्या खांद्यावर, दोघांच्या टोप्या मागं सरकलेल्या. जूनमध्ये तात्याबा आणखी दोन सामने जिंकला. संध्याकाळी दोघं समुद्राच्या बांधावर जाऊन बसायचे. तात्याबा तिकडं बोलता झाला होता. पुढच्या मोसमात वरच्या लीगमध्ये बोलावलं तर आईला विमानात बसवून आणायचं, असलं काहीबाही बोलायचा.

जुलैमध्ये सयाजीला मिटमध्ये फरक कळला. वेगाच्या यंत्रावर आकडा तोच दिसायचा, पण चेंडू शेवटच्या हातभर अंतरात मरायचा. आधी हाताला चावायचा, आता नुसता यायचा. मग एके दिवशी जेवताना तात्याबानं चमचा डाव्या हातात धरला.

"काय झालंय?" सयाजीनं विचारलं.

"कुटं काय."

"डाव्या हातानं जेवतुयास."

तात्याबानं चमचा खाली ठेवला. इकडंतिकडं बघितलं. मराठी कळणारं तिथं कुणी नव्हतं, तरी त्याचा आवाज बारीक झाला. "कोपर दुकतंय. आतल्या अंगानं. सप्टेंबरपातूर काढतो मी. तू फकस्त बोलू नगंस कुनाला."

"आन् तुटलं म्हंजी?"

"न्हाई तुटत. मेंढराच्या मागं दगडं मारून वाढलेला हात हाय."

सयाजी तीन दिवस बोलला नाही. त्या तीन दिवसांत तात्याबाचे जे चेंडू त्यानं झेलले, ते त्याला आजही एकेक करून आठवतात. प्रत्येक चेंडूनंतर तात्याबा खांदा झटकायचा आणि सयाजीकडं बघायचा. नजरेत विनंती असायची. चौथ्या दिवशी सराव संपल्यावर सयाजी निशिवाकींच्या पुढं जाऊन उभा राहिला. पाठ केलेले जपानी शब्द ऐनवेळी विसरले. त्यानं स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोट लावलं आणि म्हणाला, "तात्याबा. इताई." इताई म्हणजे दुखतंय.

डॉक्टरनं फिल्म उजेडासमोर धरून दाखवलं. आतला अस्थिबंध अर्ध्यावर फाटलेला. आणखी दोन-चार सामने खेळला असता तर पुरा तुटला असता, मग हात आयुष्यभर वाकडा. आता वर्षभर विश्रांती. क्लब छोटा, वर्षभर न खेळणाऱ्या परदेशी पिचरला सांभाळणं त्यांना झेपणारं नव्हतं. किशिमोतोंनी दोघांनाही ऑफिसात बोलावलं. तात्याबाला सगळं नीट समजावून सांगितलं, उपचार होतील तोवर राहा म्हणाले, मग डोकं झुकवून माफी मागितली. नंतर ते सयाजीकडं वळले. तुला ठेवायचं आहे, तू राहशील का?

"हाय," सयाजी म्हणाला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तात्याबा गेला. बसस्टॉपवर सयाजी त्याची बॅग उचलायला पुढं झाला, तर त्यानं ती डाव्या हातानं ओढून घेतली. बस आली. तात्याबा चढला, पलीकडच्या बाजूची खिडकी धरून बसला. बस वळेपर्यंत सयाजी तिथंच उभा होता.

त्यानं पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. वस्तीवरच्या फोनवर तात्याबाची आई सुलाबाई बोलायची. "त्यो रानात गेलाय बाबा," म्हणायची. चार वेळा तो रानात गेला होता. पाचव्यांदा सयाजीनं फोन केला नाही.

सयाजी पाच मोसम राहिला. दर हिवाळ्यात उंब्रजला यायचा, ऊसतोड असायची, आप्पासोंच्या बरोबर फडात उभा राहायचा आणि मार्चमध्ये परत जायचा. पिचर येत राहिले, जात राहिले. त्यांतले दोघं वरच्या लीगमध्ये गेले आणि टीव्हीवर दिसायला लागले. त्यांच्यापैकी एकानं जाताना सयाजीच्या मिटवर हात ठेवून दोनदा डोकं झुकवलं. सामना चालू असताना प्रेक्षकांची पाठच सयाजीच्या वाट्याला यायची. आरोळी उठली की कळायचं, काहीतरी झालं. काय ते नंतर विचारावं लागायचं.

पाचव्या मोसमाच्या शेवटच्या घरच्या सामन्यात मात्र वेगळंच घडलं. एक कॅचर तापानं पडलेला. दुसऱ्याच्या अंगठ्यावर सातव्या डावात चेंडू बसला आणि नख उलटलं. निशिवाकी बुलपेनच्या दाराशी आले आणि म्हणाले, "दुबारु." त्याचं आडनाव त्यांना तसंच जमायचं. सयाजीला वाटलं, पाणी मागतायत. मग त्यांनी मैदानाकडं बोट दाखवलं.

दोन डाव. एवढंच. पण त्या दोन डावांत त्याला पहिल्यांदा प्रेक्षकांचे चेहरे दिसले. आठव्या डावात एक धावपटू दुसऱ्या बेसकडं, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पुढच्या थांब्याकडं, चोरून पळाला; सयाजी बसल्या जागेवरनं उठला आणि त्यानं चेंडू असा सोडला की पळणारा पोचायच्या आधी तो तिथं हजर. लोक उभे राहिले. बॅट करायची पाळी एकदाच आली. चेंडू सरळ दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूकडं गेला आणि सयाजी बाद झाला, तरी जीव खाऊन पहिल्या बेसपर्यंत धावला. संघ हरला. सामना संपल्यावर बुलपेनमधले सगळे पिचर ओळीनं उभे राहिले, टोप्या काढल्या आणि त्याच्यापुढं वाकले. सयाजीला तेव्हा एकाच माणसाला सांगावंसं वाटलं, आणि त्या माणसाला फोन करणं त्यानं केव्हाच सोडलं होतं.

त्या हिवाळ्यात गुडघ्यानं दगा दिला आणि तो कायमचा परतला. उदयसिंह सर निवृत्तीला आले होते. त्यांच्याच कॉलेजात तो लागला. लोणंदच्या संयोगिताशी लग्न झालं. ती इथल्याच एका शाळेत गणित शिकवते. विश्रामबागेत दोन खोल्यांचं घर घेतलं. आप्पासो गेले. दिवस कसे गेले कळलं नाही.

मागच्या वर्षी घराला रंग द्यायला काढला तेव्हा पेटाऱ्यातनं तो संत्र्याच्या बागेतला फोटो निघाला. संयोगितानं धूळ पुसून बघितला.

"हे कोण हो? कधी बोलला नाहीत."

सयाजीनं सांगितलं. सांगताना मध्येच उठून त्यानं रंगाचे डबे इकडचे तिकडं केले. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "हात वाचवलात की त्याचा. मग राग कसला?"

"सांगितलं म्हणून."

"तो म्हणाला तसं?"

"न्हाई. त्यो कायच बोलला न्हाई."

"चौदा वर्षं तुम्हीच धरून बसलाय मग. जाऊन या."

उदयसिंह सरांकडनं वस्तीची वाट विचारून घेतली. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी सयाजी मोटारसायकल काढून विट्यावरनं आटपाडीकडं निघाला. कॉलेजात असताना एकदा तात्याबाबरोबर तो या रस्त्यानं आला होता. तेव्हा दोन्ही बाजूंना नुसतं माळरान आणि बाभळी होत्या. आता कालव्याचं पाणी आलेलं. जिकडं बघावं तिकडं डाळिंबाच्या रांगा. हे पाणी आपल्या कृष्णेचं, कराडजवळनं उचललेलं, हे त्याला ठाऊक होतं, पण असं समोर बघितलं नव्हतं. दोनदा वाट चुकली.

वस्तीवर सुलाबाई उन्हाला बसून लोकर विंचरत होती. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"कोन गं बाई?"

"मी सयाजी, मावशी. उंब्रजचा."

"आगं बया!" ती तशीच बसून राहिली. मग आत तोंड करून हाक मारली, "तात्या, आरं भायेर ये. फोनवाला आलाय तुजा."

तात्याबा बागेतनं आला. केस पांढरे झालेले, अंग भरलेलं. हातातली कात्री त्यानं खिशात घातली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. शेवटी तात्याबा म्हणाला, "बस. च्या घे."

चहा झाला. डाळिंबाचं बोलणं झालं, पावसाचं झालं. सयाजीला राहवेना.

"कोपर कसं हाय?"

तात्याबानं उजवा हात पुढं धरून सरळ केला, वाकवला, पुन्हा सरळ केला. "बरं हाय. पाटी उचलतोय, फवारा मारतोय. कायबी तरास न्हाई."

"मी तवा सांगितलं..."

"सांगितलंस ते बरं केलंस." तात्याबा अंगणातल्या कोंबड्यांकडं बघत होता. "तितल्या डागदरनं फिल्म दावली तवाच मला कळलं व्हतं. त्याचा राग न्हवताच."

"मंग?"

 सुलाबाईचे हात थांबले.

"मी इकडनं निगताना म्हनलो व्हतो, सयाजी असंल तर जातो. त्यांनी तुला इचारलं, ऱ्हातोस का. तू 'हाय' म्हनलास. माज्याकडं बगितलं बी न्हाईस. श्वास घ्यायाच्या आदी म्हनलास गड्या."

सयाजीला ते ऑफिस दिसलं. भिंतीवरचं कॅलेंडर, किशिमोतोंची वाकलेली मान, शेजारच्या खुर्चीवर पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसलेला तात्याबा. इतकी वर्षं तो त्या खोलीत मनानं कितीदा जाऊन आला होता. पण शेजारच्या खुर्चीकडं त्यानं आज पहिल्यांदा बघितलं. तीन दिवस जीव जाळून त्यानं जे केलं, त्याच्यासाठी तो चौदा वर्षं स्वतःला टाकून बोलत होता. आणि जे एका शब्दात केलं, ते त्याला आठवतही नव्हतं.

"खरं हाय," तो म्हणाला. "मला ऱ्हायचं हुतं. फौजेनं तीनदा परत लावलं. तितं मी गेलो ते तुज्यामुळं, तुजं सामान गेल्यागत. त्या दिवशी पैल्यांदा कुनीतरी मला इचारलं, तू पायजेस म्हनून. मला दुसरं कायच दिसलं न्हाई रं. तूबी दिसला न्हाईस."

तात्याबानं मान हलवली. होकाराची की नकाराची, ते कळलं नाही. मग म्हणाला, "माजी चूक येवडीच, की मीबी फोन घेतला न्हाई. म्हातारी लय शिव्या द्यायाची."

"देनार न्हाई तर काय," सुलाबाई म्हणाली. "चार बारीला खोटं बोलाय लावलंस मला." आणि ती भाकरी टाकायला उठली.

जेवण झाल्यावर दोघं बांधावर जाऊन बसले. तात्याबानं विचारलं, "मंग? कवा खेळलास का न्हाई सामना?"

"एक. दोन डाव."

"पिचर कोन व्हता?"

सयाजीनं नाव सांगितलं. तात्याबाला त्याचा चेंडू कसा वळतो ते हवं होतं. उंच होता का, हात वरनं यायचा का कडेनं, पहिला चेंडू काय मागितलास, तो पळणारा किती पावलं पुढं उभा होता. सयाजी एकेक सांगत गेला. कुणीच कधी हे विचारलं नव्हतं. घरच्यांनी विचारलं होतं, जिंकला का हरला. पेपरवाल्या पोरानं विचारलं होतं, देशाचं नाव काढल्यावर कसं वाटलं. धावपटूला बाद केलेल्या चेंडूपाशी आल्यावर तात्याबानं त्याला बांधावरनं उठवलं आणि म्हणाला, "दाव. पाय कसं टाकलंस ते दाव." गुडघा धरून सयाजीनं ढेकळांत पाय टाकून दाखवलं. ऊन कलायला लागलं तरी बोलणं संपेना. वाटेत अंधार नको म्हणून सुलाबाईनंच त्याला उठवलं आणि डाळिंबांची पिशवी गाडीला अडकवली.

जानेवारीत तात्याबा सांगलीला आला. मार्केटला माल आणला होता, म्हणाला, म्हणून डोकावलो. मैदान बघून तो जरा हिरमुसला. कडुनिंब तोडून तिथं पार्किंग केलेलं, ज्या भिंतीवर त्यानं पहिला चेंडू मारला ती पाडून वर्ग बांधलेले. सयाजी शिकवतो त्या मुलींच्या संघाचा सराव चालू होता. अपेक्षा नावाची पिचर चेंडू टाकत होती. तात्याबा कट्ट्यावर बसून पंधरा मिनिटं गप्प बघत राहिला, मग उठून तिच्याजवळ गेला आणि तिचा मागचा पाय चार बोटं आत सरकवला. तिनं पुढचा चेंडू टाकला आणि चकित होऊन सयाजीकडं बघितलं.

तेव्हापासून तो दर शनिवारी येतो. माल असो नसो. मुली त्याला आधी घाबरायच्या, कारण तो बोलत नाही. आता त्याच्याशीच जास्त बोलतात. तो आणि सयाजी मैदानाच्या मधोमध उभे राहून भांडतात, ते ऐकायला बाकीची पोरं जमतात. सयाजी म्हणतो, सरळ चेंडू पक्का होऊ दे. तात्याबा म्हणतो, वळवायला आत्ताच शिकव. संयोगिता शनिवारी तिघांचा स्वयंपाक करते. मासा करत नाही.

मागच्या शनिवारी सराव संपल्यावर तात्याबानं घड्याळात बघितलं. आटपाडीची बस निघून गेली होती. सयाजी म्हणाला, ऱ्हा आज. तात्याबा म्हणाला, म्हातारी वाट बगंल. मग दोघं मोटारसायकलवर बसून बसच्या मागं तासगावपर्यंत गेले, स्टँडवर बस गाठली, आणि तात्याबा चढल्यावर कंडक्टरनं घंटी मारली तरी खिडकीतनं सयाजीला सांगतच होता की त्या अपेक्षाचा खांदा उघडा पडतोय, सोमवारी तेवढं बघ.